तुमच्या प्रश्नातलं शेवटून दुसरं वाक्य

प्रश्न : पुढच्या महिन्यात मला ५० वर्षं पूर्ण होतील. चाळिशी ते पन्नाशी ही दहा वर्षं कुठे गेली तेच कळलं नाही. लहानपणी सुट्टी संपता संपत नसे, आता वर्ष हातातून निसटतं. बरोबरीचे लोक कुठल्या कुठे पोचले आणि मी मागे राहिलो असं सारखं वाटतं. गेली दोन वर्षं पुढचं काही ठरवावंसंच वाटत नाही. माझे वडील ५१ वर्षांचे असताना गेले. हे सगळ्यांनाच होतं का, आणि यावर काही करता येतं का?

उत्तर : तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वरवर तो पन्नाशीचा आहे, आणि तसा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी माझ्यासमोर ठेवतंच. पण शेवटून दुसरं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. त्याचा मागच्या वाक्याशी संबंध नाही, पुढच्याशीही नाही. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. तिकडे येतेच. आधी पळणाऱ्या वर्षांचं बघू, कारण तुमची ती तक्रारही खरी आहे आणि तिच्याबद्दल बरंच काही ठाऊक झालेलं आहे.

मी गेली २६ वर्षं समुपदेशनाचं काम करतेय, त्यातलं बहुतेक चाळिशीच्या पुढच्या लोकांबरोबर. खाली ज्यांचा उल्लेख येईल त्यांचे तपशील ओळख पटू नये इतके बदललेले आहेत.

वर्षं लहान का वाटतात, याचं सगळ्यांना आवडणारं उत्तर अपूर्णांकाचं. ते १९व्या शतकात पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञांनी मांडलं. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे जगलेल्या आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीच्या माणसाला तेच वर्ष पन्नासावा हिस्सा, म्हणून ते लहान. हिशोब देखणा आहे, ऐकणारा लगेच मान डोलावतो. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच त्यावर बोट ठेवलं होतं : काय होतं ते यातून कळतं, का होतं ते कळत नाही. जेम्स यांचं स्वतःचं निरीक्षण जास्त बारीक होतं. वयाबरोबर दिवस, महिने आणि वर्षं आखूड वाटू लागतात. तासांबद्दल शंकाच आहे. आणि मिनिटं, सेकंद तर होते तेवढेच राहतात. पटत नसेल तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाला विचारा. त्याचं मिनिट जराही लहान झालेलं नसतं.

पुढे २००५ मध्ये मार्क विटमन आणि सँड्रा लेनहॉफ या संशोधकांनी १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना विचारून पाहिलं. मागचा आठवडा, मागचा महिना, मागचं वर्ष कसं गेलं याची उत्तरं तरुणांची आणि म्हाताऱ्यांची जवळपास सारखीच आली. भरभर गेलं, असं सगळेच म्हणत होते. वयाचा फरक दिसला तो मागच्या दहा वर्षांबद्दल विचारल्यावर, आणि तोही फार मोठा नव्हता. तुम्हीही नेमकी दहा वर्षंच म्हणालात, हे लक्षात आलं का?

म्हणजे वेळ जाताना काही वेगाने जात नसते. मागे वळून मोजायला गेलं की ती कमी भरते. मोजणी करते आपली आठवण, आणि तिच्याकडे घड्याळ नाही. तिच्याकडे असतात नुसत्या नोंदी. नोंदी भरपूर असल्या की काळ लांबलचक वाटतो, विरळ असल्या की आखूड.

याचं टोकाचं उदाहरण मिशेल सिफ्र या फ्रेंच तरुणाचं. १९६२ साली, वयाच्या २३व्या वर्षी, तो आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय एकटाच राहिला. १६ जुलैला आत गेला आणि १४ सप्टेंबरला बाहेर आला. त्याच्या स्वतःच्या हिशोबाने तेव्हा २० ऑगस्ट होती. साठ दिवसांतले पंचवीस गहाळ! वरच्या माणसांशी फोनवर बोलताना तो दोन मिनिटं मोजण्यासाठी १२० आकडे म्हणायचा, त्याला पाच मिनिटं लागायची. अंधार, थंडी, रोज तेच. एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येईल अशी खूण नाही, मग आठवण तरी काय मोजणार?

आता तुमची चाळिशी ते पन्नाशी आठवून बघा. तीही थोडीफार गुहाच असते, उजेडाची. रस्ता तोच, कामही तेच, हाताला सगळं इतकं सरावलेलं की डोक्याला त्रास नाही. मेंदू हे मुद्दाम करतो. रोज दात घासल्याची वेगळी नोंद ठेवत बसला तर बाकी काही करायला उसंतच मिळणार नाही. त्यामुळे दहा वर्षं आखूड वाटणं ही काही अंशी घडी नीट बसल्याची खूण आहे. हे मी लोकांना सांगते तेव्हा ते नाराज होतात. त्यांना काहीतरी दुःखद ऐकायचं असतं. पण ज्यांचं वर्ष लांबलचक होतं अशी माणसंही माझ्यासमोर बसतात. एक बाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा करत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं वर्ष पळत नाही हो, सरपटतं."

लहानपणच्या सुट्टीशी तुलना करण्यातही एक गफलत आहे. चाळिशी ओलांडलेल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितलं की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. संशोधनात हा स्मृतींचा उंचवटा १९८०च्या दशकापासून वारंवार दिसला आहे. पहिलं सगळं तिथेच घडतं : पहिलं प्रेम, पहिली नोकरी, पहिल्यांदा घरापासून लांब राहणं. तेव्हा तुम्ही आजच्या वर्षाची तुलना करताय ती आयुष्यातल्या सगळ्यात दाट नोंदी असलेल्या पट्ट्याशी. त्याच्यापुढे कुठलंही वर्ष फिकंच पडणार.

एक गोष्ट करून बघा. कोरा कागद घ्या आणि गेल्या बारा महिन्यांत काय काय घडलं ते कशाचीही मदत न घेता लिहा. बहुतेक लोक सहा-सात ओळींवर अडतात आणि अस्वस्थ होतात. मग फोनमधले फोटो, बँकेचे मेसेज, जुन्या चॅट उघडून महिन्यामागून महिना तीच यादी पुन्हा करा. ती चाळीस-पन्नास ओळींच्या पुढे जाते. ५३ वर्षांच्या एका गृहस्थांची दुसरी यादी आम्ही मिळून वाचत होतो तेव्हा ते मध्येच थबकले. त्या वर्षी ते पोहायला शिकले होते. पाण्याची आयुष्यभराची भीती घालवून. आणि पहिल्या यादीत ते लिहायलाच विसरले होते!

"नवनवीन अनुभव घ्या म्हणजे वेळ लांबेल" हा सल्ला हल्ली जिथेतिथे दिला जातो. तो निम्मा खरा आहे. दर शनिवार-रविवार काहीतरी नवं करायचंच असा चंग बांधलेली माणसं मी पाहिली आहेत. वर्षाखेरीस त्यांच्याकडे दमणूक उरते आणि एकातून दुसरं ओळखू न येणारे फोटो. माझ्या अनुभवात त्याहून जास्त उपयोग होतो तो घडलेलं कोणाला तरी सांगण्याचा. सांगितलं की आठवण पुन्हा एकदा गिरवली जाते, पक्की होते. एकटी राहणारी माणसं "दिवस कसे जातात कळत नाही" असं जास्त म्हणताना मी ऐकते. त्यामागे हे एक कारण असावं असा माझा अंदाज आहे.

आता पन्नास या आकड्याबद्दल. तो महत्त्वाचा वाटतो कारण आपल्या हाताला दहा बोटं आहेत. आठ असती तर आपण ४८ आणि ५६ला घाबरलो असतो. आपली भाषाही या दशकांना किती क्रियापदं देते बघा : पन्नाशी गाठतात, साठी उलटते. चाळिशी मात्र लागते, आणि नाकावर बसते! या सगळ्यांत शरीराशी खरी बांधलेली तेवढीच एक. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं वाचायला हात लांब करावा लागतो. शब्दाला वयही कळतं आणि चष्माही. पन्नासाव्या वाढदिवसाला शरीरात असं काहीही नेमकं घडत नाही. साठीचं, पासष्टीचंही तेच. हे आकडे कार्यालयात ठरलेले आहेत. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या काळात १८८९ साली वार्धक्य निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, त्यात वय ७० होतं. ते ६५ झालं १९१६ साली, बिस्मार्क जाऊन अठरा वर्षं झाल्यावर. लोक तरीही ६५ त्यांच्याच नावावर खपवतात, ते असो.

आणि 'मिडलाइफ क्रायसिस'? ही संज्ञा रूढ केली ती एलियट जॅक्स या मनोविश्लेषकांच्या १९६५च्या लेखाने. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. ते गेले ते वयाच्या ८६व्या वर्षी. मधल्या वयात प्रत्येकाला झटका बसतोच, असं मात्र नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही.

"मी मागे राहिलो" हे तुमचं वाक्य मला पन्नाशीपेक्षा मोठं वाटतं. बर्निस न्यूगार्टन या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात 'सामाजिक घड्याळ' ही कल्पना मांडली. शिक्षण कधी संपावं, संसार कधी थाटावा, हुद्दा कधी मिळावा याचं एक न लिहिलेलं वेळापत्रक प्रत्येक समाजाकडे असतं आणि माणूस स्वतःला त्यावर सतत ताडून बघतो : वेळेवर आहे, की उशीर झाला? वेळेवर झालेल्या गोष्टीचा ताण कमी होतो, अवेळी झालेली तीच गोष्ट जड जाते. समाजाच्या या वेळापत्रकाची आपली अशी प्रत आपण साधारण विशीत लिहून काढतो आणि नंतर ती कधी उघडून दुरुस्त करत नाही. २०१३ साली क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो हे सगळ्या वयाचे लोक मान्य करत होते, आणि पुढच्या दहांत मात्र फारसे बदलणार नाही असंही म्हणत होते. अठराचेही आणि साठीचेही. म्हणजे ज्या पोराने तुमचं वेळापत्रक लिहिलं, त्याला तुम्ही कसे होणार याची कल्पनाच नव्हती. मी लोकांना विचारते, "त्या २२ वर्षांच्या मुलाला आज तुमच्या घरातला एक तरी निर्णय घेऊ द्याल का?" बहुतेक जण हसतात.

न हसणारेही असतात. मूल हवं होतं आणि झालं नाही, एखादं माणूस अकाली गेलं, प्रकृतीने हातचं काम सोडायला लावलं, अशी ती माणसं. तिथे वेळापत्रकाचं शहाणपण शिकवायला जाऊ नये. ते दुःख आहे आणि त्याला दुःखासारखंच वागवावं लागतं. तुमचं 'मागे राहणं' यातलं कुठलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि आता तुमचं ते वाक्य.

पन्नास, साठ हे चारचौघांत सांगायचे आकडे. पण पुष्कळ माणसं आणखी एक आकडा बाळगून असतात, कोणाला न सांगता, कधी स्वतःलाही न सांगता : आई किंवा वडील ज्या वयात गेले ते वय. जोसेफिन हिलगार्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५०च्या दशकात अशा स्मृतिदिनी उसळणाऱ्या प्रतिक्रियांवर लिहिलं होतं, आणि माझ्या कामात मला त्या इतक्यांदा भेटतात की पहिल्याच भेटीत मी आई-वडिलांची वयं विचारून घेते. माणसं त्या आकड्याकडे सरकू लागली की काहीबाही करतात. लांबच्या मुदतीचं काही घेत नाहीत. पासपोर्टचं नूतनीकरण टाळतात. कागदपत्रं मात्र टापटीप लावून ठेवतात. विचारलं तर "तसा मूड नाही" म्हणतात. माझी आई ५८व्या वर्षी गेली. मी ५६ची असताना घरातली निम्मी पुस्तकं वाटून टाकली आणि त्याला आवराआवर म्हणत राहिले. मी, जी रोज हेच काम करते. आज मी ६१ची आहे आणि त्यातली काही पुस्तकं पुन्हा विकत घेतली आहेत.

लॉरा कार्स्टन्सन या मानसशास्त्रज्ञांचं काम इथे उपयोगी पडतं. वय वाढलं की माणसं नवी ओळख करण्यापेक्षा जवळच्यांकडे वळतात, हे जुनंच निरीक्षण आहे. कार्स्टन्सन यांचं म्हणणं असं की हे वयामुळे होत नाही. पुढे किती वेळ उरलाय असं वाटतं, त्याने होतं. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार होतं, त्याच्या दोन महिने आधी तिथल्या तरुणांनीही म्हाताऱ्यांसारखी निवड केली, ओळखीच्या माणसांसोबतच राहणं पसंत केलं. कारण काहीतरी संपत आल्यासारखं वाटत होतं. हस्तांतरणानंतर वर्षभराने तरुण पुन्हा तरुणांसारखे वागू लागले.

तुमच्या बाबतीत मला असंच काहीसं दिसतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ४८चे झालात आणि ५१ नजरेच्या टप्प्यात आलं. तिथे तुम्ही भिंत मानली आहे, आणि भिंतीपलीकडचं कोण ठरवतं? मग मागची दहा वर्षं आखूड वाटतात यात नवल नाही. ज्याला पुढे जागा दिसत नाही तो मागचंच मोजत बसतो. माझा अंदाज चुकू शकतो, मी तुम्हाला समोर बसवून ऐकलेलं नाही. पण तुम्ही ते वाक्य लिहिलंत, एवढं खरं.

यातलं एक काम डॉक्टरांकडचं आहे, ते आधी उरका. वडील कशाने गेले ते नीट शोधून काढा. हृदयविकाराने गेले असतील तर ते तुमच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण वडील किंवा भाऊ यांना ५५च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५च्या आत हृदयविकार झालेला असेल तर ती वेगळी जोखीम धरतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि एक लक्षात ठेवा : तुमचे वडील त्यांच्या काळातल्या औषधांवर जगले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं पहिलं औषध मिळायला लागलं तेच १९८७ साली. त्यांचा आकडा त्यांच्या शरीराचा आणि त्यांच्या काळाचा होता, तुम्हाला तो जसाच्या तसा वारशाने मिळालेला नाही.

याच भेटीत आणखी एक विचारून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडलेली आहे का, पूर्वी आवडणारं काहीच आवडेनासं झालंय का, जगणं नको असं वाटतं का? यातलं काही असेल तर ते वयावर ढकलू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेवटचं वाटत असेल तर आजच. नैराश्य पन्नाशीतही बरं होतं आणि ऐंशीतही.

दुसरं काम ऐकायला विचित्र वाटेल. वडील नेमके किती दिवस जगले ते मोजा आणि तुम्ही तेवढेच दिवस जगलेले असाल ती तारीख काढा. कागदावर लिहा. लोक याला घाबरतात, पण धुक्यातल्या भिंतीपेक्षा तारीख बरी, तिच्या दुसऱ्या दिवशीही एक तारीख असते. मग त्या दिवसाच्या पलीकडे, दोन-तीन महिन्यांवर, एखादी छोटी गोष्ट ठरवून ठेवा, जिच्यात दुसरं कोणीतरी तुमच्यासोबत असेल. मोठा बेत नको. आणि ती तारीख एका तरी माणसाला सांगा. मनातल्या मनात एकट्याने ती ओलांडायला जाऊ नका.

पाण्याची भीती घालवलेले ते गृहस्थ आठवतात? त्यांचे वडील ५४व्या वर्षी गेले होते. त्यांनी तारीख काढली, बायकोला सांगितली, आणि तो दिवस नेहमीसारखा कामावर काढला. काहीच झालं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आले तेव्हा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आता रोज सकाळी मी त्यांच्यापेक्षा एका दिवसाने मोठा होतो. तोवरच्या सगळ्या भेटींत वडिलांचा विषय निघाला की ते 'ते' म्हणायचे, 'बाबा' म्हणायचे, कडक होते म्हणायचे. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "किती लहान होता हो तो."